बंद लिफ्टमधला डावखुरा

माझ्या व्यंगचित्राला हसणारा माणूस मी आजवर डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. हे लिहिताना मला अभिमान वाटतोय अशातला भाग नाही. दैनिकाच्या पहिल्या पानावर खाली कोपऱ्यात माझी चौकट येते. ती लोक आपापल्या घरी चहाबरोबर बघत असणार आणि गालातल्या गालात का होईना हसत असणार, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. पण ते बघायला मी तिथे नसतो. माझ्यासमोर चित्र बघितलं की लोक 'छान आहे' म्हणतात. 'छान आहे' हे नव्या पडद्यांना म्हणायचं असतं. आमची ही तर चित्र हातात घेते, मान तिरकी करते, बराच वेळ बघते, 'छान आहे हो' म्हणते आणि मग विचारते, हा टोपीवाला कोण? टोपीवाला अर्थमंत्री असतो.

त्यात संपादकांनी मला केबिनमध्ये बोलावून घेतलं आणि माझी चौकट जरा आवरती घ्यावी लागणार असल्याचं सांगितलं. वाचकांची हवामानाला फार मागणी आहे म्हणे. माझं हवामानाशी वैयक्तिक वैर नाही. पण जे रोज चुकतं त्याला जागा वाढवून मिळते आणि ज्याने चित्र द्यायची वेळ कधी चुकवली नाही त्याला कोपऱ्यातून आणखी कोपऱ्यात ढकलतात, हे मनाला लागतं. वर त्यांनी चष्मा पुसत विचारलं, तुमचं चित्र बघून लोक हसतात याचा काही पुरावा आहे का? पुरावा नव्हता. मी उठून बाहेर आलो.

पुरावा मिळवायचाच, असं मी जिन्यातच ठरवलं, आणि पुढचं सगळं रामायण त्या जिन्यात सुरू झालं.

'बंद लिफ्ट' हा माझा लाडका बँड. ज्यांना तो माहीत नाही त्यांची मला कीव येते, आणि ज्यांना माहीत आहे त्यांच्याशी माझं पटत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं की आपण सगळ्यात आधीपासून ऐकतोय. तर हा बँड आमच्या गावच्या प्रदर्शनाच्या मैदानावर वाजवायला येणार होता. माझा बेत साधा होता. बँडचं एक झकास व्यंगचित्र काढायचं, ते टीशर्टांवर छापून घ्यायचं, मैदानावर टेबल मांडायचं आणि टेबलामागे उभं राहून समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायचं. कुणीतरी हसेलच. एक जरी हसला तरी मला पुरे होतं.

चित्र तर मला बसल्या बैठकीत सुचलं. लिफ्टमध्ये बँडचे चौघेही उभे आहेत. ड्रमवाला घोरतोय, गायिका आरशात केस नीट करतेय, बेसवाला बटणं दाबून दाबून घायकुतीला आलाय, आणि सगळ्यात पुढे डोळे मिटून गिटार वाजवणारा त्यांचा गिटारवाला, ज्याचं पोट इतकं बाहेर आलंय की लिफ्टचं दारच बंद होत नाहीये. बंद लिफ्टचं दार बंद होत नाही! मी एकटाच खोलीत हसलो. पण स्वतःचं हसणं पुरावा म्हणून धरत नाहीत.

चित्रात मी एकही अक्षर लिहिलं नाही. हे माझं तत्त्व आहे. ज्या चित्राला खाली ओळ लिहून समजावून सांगावं लागतं ते चित्र लंगडं, असं मी तरुणांच्या शिबिरात सांगत असतो. माझा मेहुणा, जो स्वतःला सल्लागार म्हणवतो (कशाचा ते अजून ठरायचं आहे), तो काकुळतीला येऊन म्हणाला, भावोजी, निदान खाली बँडचं नाव तरी टाका. मी त्याला अर्धा तास रेषेच्या सामर्थ्यावर ऐकवलं. त्याने ऐकून घेतलं, कारण ही स्वयंपाकघरातून त्याच्यासाठी काहीतरी खायला घेऊन येत होती. ते नाव मी तेव्हा टाकलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं, हे मेहुण्याने त्यानंतर भेटेल त्याला सांगितलं आहे.

पहिला फटका घरातूनच बसला. म्हणजे घरातून नाही, वरच्या मजल्यावरून. वरचे काका आमच्या इमारतीच्या सोसायटीचे सेक्रेटरी. ते रोज सकाळी आमचा पेपर वाचायला नेतात आणि माझी चौकट सोडून सगळा वाचतात. पेपर परत करायला आले तेव्हा टेबलावर चित्र पडलं होतं. ते बघून काकांचा चेहरा लाल झाला. आता आमच्या इमारतीची लिफ्ट बरेच महिने बंद आहे, आणि काकांची प्रकृती भरदार आहे, हे दोन्ही योगायोग मला त्या क्षणापर्यंत सुचले नव्हते.

"हे मला उद्देशून आहे ना?" काका म्हणाले.

मी घाईघाईने सांगितलं की काका, हा गिटारवाला आहे, त्याच्या हातात गिटार आहे बघा.

"कळतं मला. लिफ्ट दुरुस्त करायची सोडून मी गिटार वाजवत बसलोय, असंच तुम्हाला म्हणायचंय."

दुसऱ्या दिवशी खाली फळ्यावर सूचना लागली की, सदनिकेत कोणीही धंदा करू नये आणि मालाचे गठ्ठे जिन्यातून नेऊ नयेत. लिफ्ट बंद होती आणि जिन्याला मनाई झाली होती. मी कलावंत असून माझ्या निर्मितीला कुणीतरी 'गठ्ठे' म्हटलं होतं, आणि तेही खडूने.

मग मैदानाच्या कार्यालयात टेबलाच्या परवानगीसाठी गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, काय विकणार? मी म्हणालो, विनोदी कला. त्यांच्याकडे खाद्यपदार्थ होते, कपडे होते, खेळणी होती, विनोदी कला नव्हती. कपडे म्हणा, असं त्यांनी प्रेमाने सुचवलं. मी म्हणालो, कपडा हे केवळ माध्यम आहे. तेव्हा त्यांनी चित्र मागून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि गंभीरपणे विचारलं, यात विनोद कुठे आहे?

मी सांगितलं. बँडचं नाव बंद लिफ्ट, आणि दार तर बंद होत नाही.

"बंद म्हणजे दार बंद, की लिफ्टच बंद? कारण लिफ्टच बंद असेल तर दार उघडं असलं काय नि मिटलेलं असलं काय, फरक काय पडतो?"

इतक्या वर्षांत बँडच्या एकाही चाहत्याला हा प्रश्न पडला नव्हता. साहेबांनी शेजारच्या टेबलाला विचारलं, त्याने पलीकडच्याला, आणि थोड्याच वेळात सगळं कार्यालय 'बंद' या शब्दाचा अर्थ लावत बसलं. कुणीही हसलं नाही. शेवटी असं ठरलं की, मी विनोदाचा खुलासा एका परिच्छेदात लिहून द्यावा. मी दिला. आपलाच विनोद सरकारी भाषेत लिहून काढण्याची पाळी ज्याच्यावर आली आहे त्यालाच माझं दुःख कळेल. 'सदर इसमाच्या उदरामुळे दार बंद होण्यास अडथळा येत असून त्यातून विनोदनिर्मिती होते.' खाली सही केली. परवानगी मिळाली ती शेवटी कपड्यांतच.

आता छपाई. आमच्या चौकातला छपाईवाला फारसं बोलत नाही. काहीही विचारलं तरी 'होऊन जाईल' म्हणतो, म्हणून आम्ही त्याला होऊनजाईलच म्हणतो. टीशर्टावर छापायचं तर चित्र आधी कागदावर छापतात, तो कागद कापडावर पालथा ठेवून गरम यंत्राने दाबतात, आणि त्यामुळे चित्र कापडावर उलटं उमटतं, डावीकडचं उजवीकडे होतं. म्हणून ते आधीच उलटं करून द्यायचं. हे मी कुठेतरी वाचलं होतं. अर्धवट वाचलेलं फार आत्मविश्वास देतं. मी चित्र घरूनच उलटं करून नेलं आणि होऊनजाईलला बजावलं की बाबा, उलटं करायचं ते मी केलंय. तो म्हणाला, होऊन जाईल.

टीशर्ट आले. काका फिरायला गेले असताना मी आणि ही, दोघांनी ते गादीच्या खोळीत भरून वर आणले. मी एक टीशर्ट उलगडला, समोर धरला, न्याहाळला. चित्र झकास आलं होतं. आता तुम्ही विचाराल, चित्र ज्याने काढलं त्याला ते उलटं छापलंय हे दिसू नये? त्याला आमच्या धंद्याची एक सवय कारण आहे. आम्ही चित्र काढताना मधूनमधून ते आरशात धरून बघतो. उलटं पाहिलं की चुका चटकन दिसतात. त्यामुळे माझं प्रत्येक चित्र मी सुलटं जितकं पाहिलेलं असतं तितकंच उलटंही. त्यात अक्षर एकही नव्हतं. मी समाधानाने घडी घातली.

संध्याकाळी बँडच्या चाहत्यांच्या लिफ्टप्रेमी मंडळाचे अध्यक्ष आले. मीच बोलावलं होतं, मनात म्हटलं पहिला हसण्याचा मान त्यांना द्यावा. अध्यक्ष विमा कंपनीत आहेत आणि कुठल्याही वस्तूकडे ती लवकरच मोडणार आहे अशा नजरेने बघतात. त्यांनी टीशर्ट हातात घेतला. मी त्यांच्या तोंडावर डोळे लावून बसलो. त्यांच्या भुवया वर गेल्या, ओठ आवळले गेले, मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "हे धाडसाचं आहे."

मला वाटलं, पोटाबद्दल म्हणतायत. मी म्हणालो, कलावंताला धाडस करावंच लागतं.

"म्हणजे जाणूनबुजून?"

"अर्थात. रेघ न् रेघ जाणूनबुजून."

ते चहा न घेता उठले. ही म्हणाली, काहीतरी बिनसलंय. मी म्हणालो, भारावलेत.

सकाळपासून फोन सुरू झाले. पहिल्याने माझं अभिनंदन केलं, अखेर कुणीतरी सत्य मांडलं म्हणाला. दुसऱ्याने मला लाज वाटते का विचारलं. तिसऱ्या फोनला मला उलगडा झाला. बंद लिफ्टमध्ये फार पूर्वी दोन गिटारवाले होते. त्यातला एक डावखुरा. दोघांचं कशावरून तरी बिनसलं आणि डावखुरा बँड सोडून गेला, तो कुणाला पुन्हा दिसला नाही. तेव्हापासून चाहत्यांत दोन तट आहेत. डाव्यांच्या मते डावखुरा गेला आणि बँड संपला. उजव्यांच्या मते तो गेला म्हणूनच बँड टिकला. (राजकारणाशी याचा संबंध नाही, राजकारणात इतकी वर्षं कुणी एका बाजूला राहत नाही.) आणि माझ्या टीशर्टवर बंद लिफ्टचा गिटारवाला डाव्या हाताने वाजवत होता.

मी टीशर्ट खुंटीला लावला, कोपऱ्यातला झाडू गिटारीसारखा धरला आणि समोर उभा राहून हातांची खात्री करू लागलो. ही आत आली, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "केर काढायचाय की गायचंय?" मी घाम पुसला. हात चुकीचाच होता.

तसाच होऊनजाईलकडे धावलो. त्याने शांतपणे समजावलं की, गिऱ्हाईक सुलटं आणतं, मी उलटं करतो, यंत्र त्याचं सुलटं करतं. तुम्ही उलटं आणलंत, मी उलट्याचं उलटं केलं. मी ओरडलो की अरे, मी सांगितलं होतं! तो म्हणाला, तुम्ही सांगत होतात, पण माझं यंत्र चालू होतं. पुन्हा छापायला वेळ नव्हता. उद्याच कार्यक्रम होता.

दुपारी उजव्यांचं शिष्टमंडळ घरी आलं. डाव्यांना ते कळलं म्हणून त्यांचंही आलं. जिन्यात दोन्ही शिष्टमंडळं समोरासमोर आली आणि वरून काका ओरडले की फक्त गठ्ठ्यांनाच नाही, मंडळांनाही मनाई आहे. घरात बसायला जागा नव्हती, ही पातेलंभर चहा टाकून बसली होती, आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं एकच होतं की मी भूमिका जाहीर करावी. मी म्हणालो, भूमिका कसली, छपाईची चूक आहे. डावे हसले. म्हणजे कडवटपणे हसले, ते मी पुराव्यात धरलं नाही. दबावाखाली माघार घेतोय, असं त्यांनी एकमेकांना सांगितलं. उजव्यांनी अध्यक्षांना पुढे केलं, आणि अध्यक्षांनी सगळ्यांदेखत माझेच शब्द मला ऐकवले, रेघ न् रेघ जाणूनबुजून.

तेव्हा माझ्या तोंडून जे वाक्य गेलं ते इतर कुठल्याही घरात, इतर कुठल्याही दिवशी अत्यंत सज्जनपणाचं ठरलं असतं. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "मी कधीच उजवं-डावं करत नाही."

मग अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे उजवं करत नाही, हे कबूल." डाव्यांतला एक उठून म्हणाला, डावं करत नाही असंही म्हणालेत ते, लिहून घ्या. पुढे काय झालं ते मला नीट आठवत नाही, पण पाहुण्यांच्या कपांतला एक कप फुटला आणि तो माझ्या सासूबाईंनी दिलेल्या संचातला होता. एवढा एक विषय धरून ही अजून मला बोलते.

सगळ्यात खूश मेहुणा. तो म्हणाला, भावोजी, वाद म्हणजे जाहिरात, उद्या टीशर्ट पुरणार नाहीत. खुलासा अजिबात करू नका. मी म्हणालो, मी खुलासाच करणार. माझी रेषा बदनाम होतेय. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'चित्र उलटं छापलं गेलं आहे, क्षमस्व', आणि तो टेबलावर उभा केला. रेषेच्या सामर्थ्यावर बोलणाऱ्या माणसाला आपल्याच चित्राखाली ओळ लिहावी लागली. मेहुण्याने ते लक्षात आणून दिलंच.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मैदानाच्या फाटकाबाहेर, शीतपेयांच्या आणि फुग्यांच्या मधोमध आमचं टेबल होतं. मी उभा होतो, ही मागे स्टुलावर बसली होती. आणि लोक येत होते, हे मान्य केलं पाहिजे. माझ्या चित्राकडे आयुष्यात एवढ्या लोकांनी कधी पाहिलं नसेल. उजवे आले, त्यांनी टीशर्टचा फोटो काढून निषेध केला. डावे आले, त्यांनी फोटो काढून पाठिंबा दिला. पुठ्ठा वाचून दोघंही म्हणाले की हे उपरोधिक आहे. एका विद्यार्थिनीने मला विचारलं, उघडं दार म्हणजे परतीची वाट का? मी म्हणालो, नाही हो, पोट आहे ते. तिने 'पोट' असं टिपून घेतलं. अध्यक्ष लांब उभे राहून कोण थांबतंय त्यावर लक्ष ठेवून होते. मी एकेका चेहऱ्याकडे आशेने बघत होतो. कपाळाला आठ्या होत्या, डोळ्यांत संशय होता, काहींच्या डोळ्यांत तर पाणीही आलं. पण विनोदी चित्र आहे हो, असं कुणाला सांगावं तर तो आणखी गंभीर व्हायचा. हळूहळू सगळे आत गेले. आत बंद लिफ्टचं पहिलं गाणं सुरू झालं. माझ्या आवडत्या बँडचा आवाज मी फाटकाबाहेर, न विकलेल्या कपड्यांसमोर उभं राहून ऐकत होतो. मला स्वतःचा इतका राग कधीच आला नव्हता आणि इतकं वाईटही कधी वाटलं नव्हतं. संपादकांचं बरोबर होतं, असं मी मनात म्हणालो. हवामान छापा.

आवरायला घेतलं तेव्हा एक पांढऱ्या दाढीचा माणूस टेबलापाशी येऊन उभा राहिला. साधा सदरा, पायात चपला. तिकीट काढून आत न जाता तो मघापासून भिंतीला टेकून गाणं ऐकत होता, हे मी पाहिलं होतं. त्याने टीशर्ट उचलला, उजेडाकडे धरला. मी थकून गेलो होतो. त्याच्या तोंडाकडे बघायचंही सोडून मी खाली गठ्ठे बांधत होतो.

तेवढ्यात वरून आवाज आला. मी मान वर केली. तो हसत होता. आधी नुसते खांदे हलत होते, मग त्याने टेबलाला हात टेकला, मग डोळे पुसले, पुन्हा टीशर्टकडे पाहिलं आणि पुन्हा सुरू झाला. शीतपेयवाला वळून बघायला लागला. मी आ वासून उभा होतो. कुणीतरी माझ्या चित्राला हसतंय, माझ्यासमोर, आणि कसं हसतंय! ही मागून उठून उभी राहिली.

"हे पोट त्याचं," तो कसाबसा म्हणाला. "ही मिटलेल्या डोळ्यांची तऱ्हा त्याची. आणि हात माझा! नेहमी म्हणायचा, तुझ्यासारखं डाव्या हाताने वाजवून दाखवीन एकदा. कधी जमलं नाही त्याला." त्याने टीशर्ट डाव्या हाताने छातीशी धरला. "सुचलं कसं हो तुम्हाला हे?"

समोर कोण उभा आहे ते मला कळलं. पुठ्ठा टेबलावर उभा होता, त्यावर माझ्याच अक्षरात सगळं लिहिलेलं होतं, आणि दोन दिवस मी जगाला ओरडून तेच सांगत होतो. हिने हात पुढे केला आणि पुठ्ठा हळूच पालथा घातला.

"सुचलं आपलं," मी म्हणालो.

"दोन द्या. एक मला, आणि एक या पोटाच्या मापाचा."

मी विचारलं, त्यांना पाठवणार?

"भांडण कशावरून झालं ते आता आम्हा दोघांनाही आठवत नसेल," तो म्हणाला. "आधी फोन कुणी करायचा, एवढ्यावर अडलंय. हे बघितल्यावर चिडून का होईना, करेल तो."

मी सगळ्यात मोठं माप शोधायला टेबलाखाली वाकलो. डोळे भरून आले होते, त्यामुळे कुठल्याच टीशर्टचं माप मला वाचता येईना.